रिकामी बाटली परत देऊ नये

पुण्याची बस नाशिकच्या नव्या सीबीएस स्टँडवरून साडेआठला सुटणार होती आणि आठ वीस झाले तरी आई आली नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, माझ्या बॅगेवर बसून होते. बॅगेला कोणी हात लावू नये म्हणून ते तिच्यावरच बसले होते. निरोप देण्याची त्यांना तेवढीच रीत ठाऊक होती. आई पहाटेच गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, फुलबाजारात गेली होती. लेक मद्रासला चालली म्हणून मोगरा झाडावर थांबत नसतो, असं तिनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. शेवटी ती आली ती पाट्या डोक्यावर घेऊन, घामाघूम, आणि बसच्या खिडकीशी उभी राहून तिनं विचारलं, "कागदं घेतली का सगळी?"

"घेतली."

"पोचल्यावर फोन कर. आणि तिकडं कोणाला उगाच सगळं सांगत बसू नको. तुला लय सवय हाय."

बस हलली. दादांनी हात वर केला आणि तसाच ठेवला, जणू वर्गात प्रश्न विचारायचा आहे. हे २००५ सालच्या जूनमधलं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि कसारा आणि पुणे यांच्यापलीकडे कुठं गेलेली नव्हते.

कागदं खरंच घेतली होती. नाशिक फाटा येईपर्यंत मी ती चार वेळा तपासली. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा, मग तिथलीच पदवी, कामाचा दाखला, आणि सगळ्यांत वर दवाखान्यातल्या मॅडमचं पत्र. दहावीचं गुणपत्रक नव्हतं, कारण मी दहावीपर्यंत पोचलेच नाही. अजूनही कुठल्याही फॉर्मवर तो रकाना आला की मी त्यात एक आडवी रेघ ओढते आणि ती रेघ सरळ यावी म्हणून पट्टी वापरते.

मॅडमच्या पत्रात एक वाक्य होतं. 'या मुलीच्या नोंदीत एका गोळीचाही फरक पडत नाही.' त्या वाक्यामुळे मला क्लिनिकल रिसर्चच्या अभ्यासक्रमात जागा मिळाली होती. आणि ते वाक्य खरं नव्हतं, हे त्या बसमध्ये फक्त मला माहीत होतं.

*

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही मखमलाबादच्या अंगाला राहणारे माळी. झेंडू, शेवंती, मोगरा, आणि फुलं नसतील तेव्हा मेथी-कोथिंबीर. शाळा मला कोणी सोडायला लावली नाही, फुलांनी सोडवली. नववीत दसऱ्याच्या झेंडूत वीस दिवस गेले, मग शेवंतीची तोड आली, मग लग्नसराईचा मोगरा. बाईंनी एकदा हजेरी घेताना माझं नाव घेतलं नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खरं वाईट वाटायला पुढे दोन-तीन वर्षं लागली.

मॅडम शहरातल्या एका दवाखान्यात बायकांच्या डॉक्टर होत्या. तिथल्या गणपतीच्या फोटोला रोजचा हार मी पोचवायची. हार घालता घालता मी बोलायची, आईनं म्हटलं तसं, सवयच ती. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोण फिकी पडलीय, कोण भिंत धरून उठते. मॅडमनी एक दिवस ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उभी का? बस ना खुर्चीवर." दवाखान्याच्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले ती त्या दिवशी. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांना लोहाच्या गोळ्या द्यायचा एक छोटा अभ्यास त्या करणार होत्या. जुनी गोळी तर होतीच, पण ही नवी गोळी बायका न चुकता घेतात का, ती पोटाला सोसते का, एवढंच पाहायचं होतं. घरोघर जायला ओळखीचं माणूस हवं होतं. मला वाटतं, सत्त्याण्णव साल असेल.

चाळीस घरं माझ्याकडे आली. पहिलं घर आमचंच. आईचं रक्त कमीच होतं. संमतीच्या कागदावर अंगठा घेताना ती म्हणाली, "हे कशाला? तू हायस ना मधी." मी तिला समजावलं की मी मध्ये आहे म्हणूनच अंगठा लागतो. तिला ते पटलं नाही. तिनं अंगठा दिला, पण तोंड वाकडं करून.

प्रत्येकीला प्लॅस्टिकची छोटी बाटली, आत तीस तांबड्या गोळ्या. रोज एक. महिना झाला की बाटली परत आणायची, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, वहीत आकडा लिहायचा. किती खाल्ल्या ते उरलेल्यांवरून कळणार. साधं काम.

पहिल्या महिन्याच्या बाटल्या मी मॅडमच्या टेबलावर मांडल्या. त्यांनी एक उघडली, दुसरी उघडली, दहावी उघडली. मग माझ्याकडे बघितलं.

"सगळ्यांत दोन-दोनच कशा उरल्या गं?"

मला प्रश्नच कळला नाही. मला त्यात काही वेगळं दिसलंच नव्हतं.

"घरी बसून भरतेस का या?" मॅडमनी विचारलं. ओरडून नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुमच्यापैकी जे आमच्याकडचे आहेत त्यांना एव्हाना समजलं असेल. आमच्याकडे शेजारणीचं भांडं कोणी रिकामं परत देत नाही. वाटीनं साखर आणली तर वाटीत चार भेंड्या घालून द्यायच्या, तांब्या आणला तर तळाला घोटभर ताक. काहीच नसेल तर चिमूटभर साखर. भांडं रिकामं गेलं की घर रिकामं होतं म्हणतात. आणि एक वस्तूही ठेवत नाहीत, दोन ठेवतात. एकटी कशी पाठवायची. बाटली दवाखान्याची होती, पण आणणारी मी होते. मग पद्धत सुटते थोडीच.

त्या दुपारी मी आमच्या ओट्यावर बायकांना गोळा केलं आणि सांगितलं, मॅडम रागावल्या, जे असेल ते खरं येऊ द्या, उगाच ठेवू नका. पारूकाकू, आमच्या पलीकडच्या मळ्यातली, म्हणाली, "म्हंजे त्यांना रिकामी पायजे? तसं सांगायचं ना मंग." मी म्हटलं, रिकामी नाही, खरी. ते वाक्य कोणाच्या कानात शिरलं नाही. त्यांना एवढंच ऐकू आलं की रंजी, म्हणजे मी, रडायला आलीय.

दुसऱ्या महिन्यात चाळीस बाटल्या आल्या त्या धुऊन, उन्हात पालथ्या घालून वाळवलेल्या. आत काही नाही. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बघ, नीट समजावलं की होतं." मी त्या दिवशी सायकल चालवत नाही, उडवत घरी आले.

तिसऱ्या महिन्यात मी शेवंतीच्या वाफ्यात खुरपत होते. कडेच्या सरीत माती गंजल्यासारखी तांबडी झाली होती आणि खुरप्याला अर्धवट विरघळलेल्या गोळ्या लागत होत्या. पाच-सहा नाही. मूठभर.

आई मागून आली. लपवायचा तिनं काही प्रयत्न केला नाही.

"ती खाल्ली की मळमळतं," ती म्हणाली. "तोंडाला दिवसभर लोखंडाची चव ऱ्हाती. पारूला तर उलट्या व्हत्यात. कोण खातंय रोज?"

"मग तसं सांगायचं होतंस."

"सांगितलं तर पुन्यांदा ती बाई तुला बोलली असती. नोकरी गेली असती का नसती?"

तिनं माती सारखी केली, पायानं दाबली आणि पाणी द्यायला निघून गेली. उरलेल्या महिन्यांत मी प्रत्येक बाटलीपुढे शून्य लिहिलं. बाटलीत खरोखरच काही नसायचं, त्यामुळे मी खोटं काही लिहिलं नाही. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

अभ्यास संपला, मॅडमनी त्याचा अहवाल केला, डॉक्टरांच्या एका सभेत वाचला. नवी गोळी बायका न चुकता घेतात, पोटाला त्रास नाही. मग तीच गोळी दवाखान्यात सगळ्यांना मिळू लागली. एकदा मी बाकावर फॉर्म भरत बसले होते आणि समोर एक सुरगाण्याकडची पोर, सहावा महिना असेल, नर्सला सांगत होती की गोळीनं पोटात ढवळतं. नर्स म्हणाली, "बाकी कोणाला काही होत नाही. तुलाच कसं होतं?" ती पोर गप्प झाली. मीही गप्प बसले. तो गप्पपणा माझ्याबरोबर चेन्नईपर्यंत आला.

*

चेन्नईनं मला वाईट वागवलं नाही, हे आधी सांगायला हवं. विद्यापीठात अनुभवावर घेतलेल्या चार जणांत मी एक. पहिल्या आठवड्यात सर इंग्रजीत बोलायचे आणि मी वहीच्या समासात देवनागरीत उच्चार लिहून घ्यायची. रँडमायझेशन. बायस. प्रोटोकॉल. खोलीवर येऊन शब्दकोशात बघायचं. बायसचा अर्थ 'पूर्वग्रह' असा सापडला, आणि मला वाटलं, आपल्याकडे तर पूर्वग्रह नव्हता, उलट माया होती. पुढे कळलं की मायेनंही आकडे वाकतात, आणि त्यालाही तोच शब्द.

घरमालकीण अक्का रोज संध्याकाळी जिन्यात भेटली की विचारायची, "साप्टाचा?" जेवलीस का. मी न जेवताही हो म्हणायची. तिला ते कळायचं, आणि ती ताटली आणून द्यायची. दुसऱ्या दिवशी मी ती ताटली घासून, तिच्यात दोन केळी ठेवून परत दिली. अक्का त्या केळ्यांकडे बघत राहिली. "परवाइल्ले," ती म्हणाली, असू दे, कशाला. आणि केळी मलाच परत केली. मी खोलीत येऊन दोन्ही केळी खाल्ली आणि खूप रडले. कशासाठी ते आजही नीट सांगता येणार नाही.

फुलांनी फार छळलं. तिथं प्रत्येक बाई केसांत मोगरा माळते. रोज, कामाला जातानाही. बसमध्ये पुढच्या सीटवरून तो वास यायचा आणि माझी बोटं आपोआप हलायची, कळी खुडताना हलतात तशी. तिथं गजरा मुळमवर विकतात, कोपरापासून बोटांपर्यंत एक मुळम. फूलवालीचा हात जेवढा, तेवढा गजरा. मी नेहमी उंच बाईकडून घ्यायची. घेऊन माळायची मात्र नाही, उशाशी ठेवायची. आमच्या घरी कोणी फुलं माळत नसे. माळ्याची फुलं बाजारात जातात.

मेथीची जुडी तिथं चार बोटांत मावते. नाशिकची जुडी दोन हातांत धरावी लागते, आणि धरली की छाती ओली होते. डिसेंबरात चेन्नईची माणसं 'विंटर' म्हणून कानाला मफलर गुंडाळायची आणि मी पंखा लावून झोपायची. मला आठवायचे ते सकाळचे वाफे. धुक्यात समोरची ओळ दिसायची नाही, शेवंतीवरचं दव कोपरापर्यंत ओघळायचं, बोटं बधिर होऊन फूल आणि देठ यातला फरक कळायचा नाही. आई पलीकडच्या सरीतून दर थोड्या वेळानं नुसतं "हं?" म्हणायची. मी "हं" म्हणायची. आहेस ना, आहे. तेवढंच. इथं चारशे मुलांच्या कॅन्टीनमध्ये बसून मला त्या एका "हं"ची भूक लागायची.

एक गोष्ट वर्गात शिकवली ती मला फार आवडली. समजा एखाद्या माणसाला एका गटात घातलं, ही गोळी खायची म्हणून. त्यानं मध्येच सोडली, खाल्लीच नाही, दुसरंच काही खाल्लं. तरी शेवटी हिशेब करताना त्याला त्याच्या पहिल्या गटातच धरायचं. तो काय करत बसला ते नाही, तो कुठून सुरू झाला ते बघायचं. सगळे शंका विचारत होते, हा कुठला न्याय म्हणून. मला शंका आली नाही. दादा अजूनही कोणी विचारलं की सांगतात, आम्ही घरात तिघं. मी बाहेर पडून वर्ष झालं होतं.

*

पहिल्या वर्षाच्या शेवटी सरांनी एक लेखन दिलं. तुम्ही स्वतः काम केलेल्या अभ्यासातली एक चूक लिहा. "चूक तुमची असावी," ते म्हणाले. "दुसऱ्यांच्या चुका आपण सगळेच उत्तम लिहितो."

मी आधी वजनकाट्याबद्दल लिहिलं. दवाखान्यातला काटा मातीच्या ओट्यावर ठेवल्यानं कसा चुकायचा वगैरे. तीन पानं. त्या पानांत एकही शब्द खोटा नव्हता आणि सगळं मिळून खोटं होतं. मी ती घेऊन दोन दिवस हिंडले.

भीती कशाची होती ते सरळ सांगते. ज्या फाइलीत मॅडमचं पत्र होतं त्याच फाइलीत माझं लेखन लागणार होतं. वर 'एका गोळीचाही फरक पडत नाही', खाली मूठभर गोळ्या. जागा काढून घेतील, घरी पाठवतील. आणि ते नाही झालं तरी मॅडमना कळणारच. ज्या बाईनं मला पूर्वतयारीच्या परीक्षेला बसवलं, रविवारच्या वर्गांसाठी कामाची वेळ बदलून दिली, पदवीच्या दिवशी स्वतः गाडीतून घरी सोडलं, तिचा अहवाल खोटा पाडायचा, तोही मद्रासमध्ये बसून. पण त्या सुरगाण्याकडच्या पोरीचं तोंड समोरून हलत नव्हतं. तिच्यासारख्या किती बाकावर बसून गप्प झाल्या असतील ते मला माहीत नव्हतं. त्याचीच तर नोंद कुणी ठेवली नाही.

शेवटी मी आधी मॅडमना पत्र लिहिलं. मराठीत. सगळं, पहिल्या दोन-दोन गोळ्यांपासून. टाकलं आणि बावीस दिवस वाट पाहिली. सरांकडून मुदत वाढवून घेतली. अक्का रोज जिन्यात विचारायची आणि मी रोज हो म्हणायची.

तेविसाव्या दिवशी फोन आला.

"तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं," मॅडम म्हणाल्या. "मेमध्ये सुट्टी आहे ना? ये. आपण दोघी घरोघर जाऊ, आणि सुरुवात तुझ्या आईपासून करू."

"मॅडम, तुम्ही रागावलात का?"

"हो," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

*

मे महिना म्हणजे मोगऱ्याचा. मॅडमची गाडी आली तेव्हा ओट्यावर आई, पारूकाकू आणि शेजारच्या चार-पाच बाया कळ्या निवडत बसल्या होत्या. मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं: जे झालं ते झालं तसं सांग, आता त्यानं काही जात नाही. आई "बरं" म्हणाली होती. तिचं 'बरं' मला कळायला हवं होतं.

मॅडमना खाट झाडून दिली. सरबत झालं. मग मॅडमनी वही काढली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "त्या तांबड्या गोळ्या तुम्ही खाल्ल्या नव्हत्या, असं रंजना म्हणते. खरं का?"

"खाल्ल्या ना," आई म्हणाली. हातातली कळीही थांबली नाही. "सगळ्या खाल्ल्या."

"आई," मी म्हटलं.

"एक बी ठेवली नाय. लय गुण आला."

"आई, मी वाफ्यात बघितल्या होत्या. शेवंतीच्या."

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू भर पंगतीत मी काहीतरी सांडलंय. मग मॅडमकडे वळून म्हणाली, "मंग, शेवंतीला नको का लोखंड?"

पारूकाकूला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती हलायला लागली. बाकीच्याही. मॅडम मात्र गंभीर. त्यांनी विचारलं, "सुधारली का मग शेवंती?"

"लय नाय," आई म्हणाली.

तेव्हा मॅडमही हसल्या. मी महिनाभर ज्या क्षणाला घाबरत होते तो असा गेला. पण काम संपलेलं नव्हतं. मॅडम पुन्हा म्हणाल्या की कोणाला बोल लावायचा नाही, रंजनालाही नाही, फक्त खरं हवंय, कारण ती गोळी अजून पोरीबाळी खातायत आणि त्यांना त्रास होतोय. हे ऐकल्यावर आईचा हात थांबला. तिनं कळ्यांची पाटी बाजूला केली.

"मीच टाकल्या," ती म्हणाली. "मी एकटीनं. बाकीच्यांनी खाल्ल्या. लिहा माझं नाव. पोरीला काय बी ठाऊक नव्हतं."

"तू एकटीनं कशी गं?" पारूकाकू म्हणाली. "मी तर पयल्या दिसापासून टाकल्या. माझं लिहा आधी."

"तुझ्या कोंबड्यांनी खाल्ल्या तुझ्या."

"कोंबड्यांना मीच टाकल्या ना?"

मग कोपऱ्यातली एक म्हणाली की तिनंही टाकल्या, आणि तिच्या जावेनं तर बाटली उघडलीच नव्हती. दुसरी म्हणाली, मी दोन महिन्यांच्या. तिसरी, मी सगळ्या. थोड्या वेळापूर्वी कोणीच टाकली नव्हती, आता प्रत्येक बाई दुसरीपेक्षा जास्त टाकत होती. कोणावर काही येऊ नये म्हणून सगळ्याच स्वतःवर ओढून घेत होत्या. मला माहीत होतं की त्यांतल्या एक-दोघींनी गोळ्या खरोखर नेमानं घेतल्या होत्या. त्याही हात वर करून बसल्या.

मॅडमनी पेन वहीवर आडवा ठेवला. "रंजना, आता यातलं काय लिहायचं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, मॅडम."

परत जाताना रस्त्यापर्यंत मी त्यांच्या गाडीत बसले. त्यांनी गाडी वळवून घेतली. मग विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला खुर्चीवर बसवलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी गाडी फाट्यावर थांबवली. "बाटल्या मोजल्या मी," त्या म्हणाल्या, "एकाही बाईला विचारलं नाही की पोटाला कसं वाटतं. तू फूलवाली होतीस. मी तर डॉक्टर होते." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण पत्रातलं ते वाक्य मी आज लिहिणार नाही. ते माझं चुकलं." मी उतरले. ऊन होतं. मी तशीच उभी राहिले, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

त्यांनी पुढे जे करायचं ते केलं. ज्या डॉक्टरांनी तो अहवाल नेला होता त्या सगळ्यांना कळवलं की त्यातला पोटाला सोसण्याचा भाग धरू नका. दवाखान्यात सांगितलं की मळमळतं म्हणणाऱ्या बाईला आधी ऐकून घ्यायचं आणि गोळी बदलून द्यायची. माझं लेखन मी सरांना दिलं, गोळ्या, शेवंती, कोंबड्या, सगळ्यांसकट, मोडक्या इंग्रजीत. मला वाटलं होतं बोलावणं येईल. आलं. सरांनी फाइल समोर ठेवली होती आणि पत्रही तिच्यातच होतं. त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी राहणार ना? मी हो म्हटलं, आणि त्यांना वाकून नमस्कार केला. ते इतके गोंधळले की तेही उभे राहिले.

*

त्यालाही आता तीन वर्षं होत आली. मी अजून चेन्नईतच आहे. एका रुग्णालयात अशाच अभ्यासांचं काम बघते. बायकांकडे जाते तेव्हा पिशवी खाली ठेवते, आधी बसते, आणि बाटली सगळ्यांत शेवटी मागते. माझी तमिळ ऐकून त्या हसतात. हसल्या की सांगतात.

तुम्ही जे तिथं राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठं कुठं पोचलात, तुम्हाला मी काय सांगणार. इथं मी लिहिलेला प्रत्येक आकडा दुसरं माणूस तपासतं, त्याच्यावर तिसरं सही करतं, आणि मला ते मनापासून आवडतं. रात्री झोप लागते त्यानं. ज्यांनी मला इथवर आणलं त्यांचे उपकार मी रोज मनात मोजते, आणि अजूनही रोज भिते की कोणीतरी येऊन दहावीचा कागद मागेल. पण साऱ्या जगात एक ओटा असा आहे की तिथं मी माझी चूक स्वतःच्या तोंडानं कबूल केली आणि ती कोणी लिहू दिली नाही. माझं घर आता तेवढंच. तिथं मला परत जाऊन राहता येणार नाही, हेही मला माहीत आहे. इतकं पाठीशी घालणाऱ्या माणसांत राहून हे काम करता येत नाही. आणि त्या माणसांवाचून दुपारची चारची वेळ जाता जात नाही.

इथली पदवी हातात आली त्या दिवशी मी घरी फोन केला होता. आईनं उचलला.

"दिला का कागद?"

"दिला."

"दिल्याशिवाय ऱ्हात्यात व्हय. मी त्या बाईला तवाच सांगितलं व्हतं, आमची रंजी खोटं लिहीत नाय."

मागे पारूकाकूचा आवाज आला, कोणाचा गं फोन, आणि आई तिला तेच वाक्य पुन्हा सांगायला लागली, माझ्या पूर्ण नावासकट, पलीकडच्या मळ्यातही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मी तिला अडवलं नाही. फोन तसाच कानाशी धरून ऐकत राहिले, तिनं ठेवेपर्यंत.